नीरेचं पाणी, भीमेचं नाव

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या श्रीपूरच्या हवेला दोन वास असतात. वारा कारखान्याकडून आला तर मळीचा, रानाकडून आला तर नुकत्या तोडलेल्या वाढ्यांचा. मी उभा जन्म उसाच्या बेण्यात काढला, त्यामुळे मला दोन्ही वास घरचेच. अशाच एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. आजी सुपात शाळू निवडत होती. तेवढ्यात थोरला नातू मोबाइल नाचवत आला.

"आबा, आपण राजघराण्यातले आहोत!"

"कोणत्या रे?"

"इंग्लंडच्या!"

झालं होतं असं. माझा एक पुतण्या लेस्टरला असतो. त्याच्या मुलानं तिकडचीच मुलगी केली. तिच्या माहेरच्यांना वंशावळीचा भारी नाद. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी लागे. त्या वह्या चाळत, जमिनीची जुनी कागदपत्रं धुंडाळत त्यांनी आपली वंशावळ नेऊन भिडवली ती थेट तिसऱ्या एडवर्ड राजाला. जन्म १३१२, मृत्यू १३७७, पन्नास वर्षं राज्य. आता त्या पोरीला बाळ झालंय. बाळ आमच्या रक्ताचं, म्हणून नातवाच्या हिशेबानं सगळं श्रीपूर गादीवर बसलं.

"अरे येड्या," मी म्हटलं, "पाणी उतारानं वाहतं. खालच्या वाफ्याला दुसऱ्या पाटाचं पाणी मिळालं म्हणून वरची विहीर भरते का? राजा त्या बाळाला मिळाला. तुला कसा मिळेल?"

पोरगं हिरमुसलं. धाकटी नात मागं उभी होती, ती हळूच म्हणाली, "मग आपल्याला कोण मिळालं, आबा?"

प्रश्न मोठा होता. मी आजीच्या सुपातून मूठभर शाळू घेतला.

"बसा. हा एक दाणा म्हणजे तू. याच्या वर दोन दाणे ठेव, आई आणि बाप. त्यांच्या वर चार, दोन आजोबा, दोन आज्या. त्यांच्या वर आठ. मांडत जा."

दोघं फरशीवर मांडायला बसली. सहाव्या ओळीला चौसष्ट झाले, सातव्याला एकशे अठ्ठावीस. आठवीत धाकटी मोजायला चुकली, नववीत थोरला कंटाळला. दहावी ओळ मीच सांगितली: १,०२४. शाळूचे हजार दाणे म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम, एवढीशी मूठ. इथवर घराबाहेर पडायची गरज नाही. पण विसाव्या पिढीला १०,४८,५७६ दाणे लागतात. मूठ सोडून पोतं आणायचं, त्यात पस्तीस-एक किलो भरायचे. आणि तिसाव्या पिढीला? १०७ कोटी ३७ लाखांहून जास्त. शंभर किलोच्या साडेतीनशेहून अधिक पोत्यांचा ढीग, आणि तोही फक्त त्या एका पिढीचा.

"एवढा शाळू सगळ्या गावात नसेल," आजी म्हणाली, "आणि आहे तो फरशीवर सांडू नका."

एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षं. त्या वेळी देवगिरीच्या गादीवर रामदेवराय यादव होता. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात चौऱ्यांशीची शिळा आहे ना, जिला भाविक पाठ घासतात, तिच्यावर शके ११९५ ते ११९९ या काळातल्या देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. खुद्द रामदेवरायाचंही नाव आहे. त्या काळात सगळ्या पृथ्वीवर माणसं होती चाळीस कोटींच्या आसपास. आणि आपल्या एकट्या थोरल्याला आजे-पणजे हवेत १०७ कोटी.

"मग उरलेले आणायचे कुठून?" थोरल्यानं विचारलं.

"आणायचे नाहीत. तेच तेच दाणे पुन्हा पुन्हा मोजायचे."

हे समजायला लांब जायला नको. माझ्या बापानं मामाची मुलगी केली. आपल्याकडं ती रीतच. आता बघा, माझ्या बापाची आई आणि माझ्या आईचा बाप, ही सख्खी भावंडं. म्हणजे त्या दोघांचे आईबाप माझ्या वंशावळीत दोनदा आले. इतरांना आठ पणजोबा-पणज्या असतात, मला सहाच. एका लग्नात दोन दाणे वाचले. अशी लग्नं शतकानुशतकं, त्याच जातीत, त्याच पंचक्रोशीत होत राहिली, की साडेतीनशे पोती आटून एखाद्या तालुक्यात मावतात. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी सेंटरमधल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१३ साली आपल्या देशाचा हिशेब मांडला. चार हजारांवर वर्षांपूर्वीपासून ते सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत इथले सगळे लोक एकमेकांत भरपूर मिसळले. नंतर जातीच्या कुंपणांनी दारं लावून घेतली. तेव्हा कुणी छाती पुढं काढून आमचं रक्त निराळं म्हणायला लागला, तर त्याला शाळू मांडायला बसवायचं.

आता एडवर्ड राजाकडं चला. त्याच्यापासून आजपर्यंत पंचवीस-एक पिढ्या झाल्या. पंचवीसाव्या पिढीला दाणे लागतात ३ कोटी ३५ लाख. प्लेगच्या आधी सगळ्या इंग्लंडची वस्ती होती पन्नास लाखांच्या घरात. राजाला डझनभर पोरं झाली, त्यातली बरीच नांदली, त्यांचा विस्तार झाला. राजाची पणतवंडं सरदारांत गेली, सरदारांची धाकटी पाती जमीनदारांत, जमीनदारांच्या लेकी व्यापाऱ्यांत, आणि मग खाली खाली. गणिती म्हणतात, आज ज्याची मुळं इंग्लंडात आहेत असा जवळजवळ प्रत्येक जण तिसऱ्या एडवर्डचा वंशज आहे. तिकडं टीव्हीवर प्रसिद्ध लोकांची वंशावळ शोधायचा कार्यक्रम असतो. २०१६ मध्ये त्यात डॅनी डायर नावाचा नट आला. लंडनच्या कष्टकरी वस्तीतला, बोलीही तशीच. तो निघाला एडवर्डचा वंशज, आणि थक्क झाला. कार्यक्रम बघणारे बहुतेक जण तेच होते. फरक एवढाच की त्याचा कागद सापडला, बाकीच्यांचा हरवला.

"म्हणजे राजा सगळ्यांचा," धाकटी म्हणाली.

"सगळ्यांचा, आणि तरी कुणाच्याही अंगात नसेल असा."

हे कोडं मी ऊस कापून सोडवलं. कोपऱ्यात दोन टिपरी उभी होती, एक पांढरं, एक तांबूस. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून, २३ बापाकडून. समजा हे पांढरं टिपरू आजोबाकडून आलं, तांबूस आजीकडून. बाप ती दोन्ही जशीच्या तशी पोराला देत नाही. दोन्ही शेजारी धरतो, दोनचार ठिकाणी कोयता घालतो, कांड्यांची अदलाबदल करतो आणि जोडून एकच टिपरू पुढं देतो. त्यात तीन कांड्या पांढऱ्या, दोन तांबूस. दुसऱ्या पोराला तोडणी वेगळी. प्रत्येक पिढीत असा कोयता चालतो. दहा पिढ्यांमागच्या त्या १,०२४ पूर्वजांपैकी निम्म्याहून अधिकांची एक कांडीसुद्धा आपल्यात उरलेली नसते. पंचवीस पिढ्यांमागच्या एका राजाचं काय उरणार? तो वहीत असतो, अंगात नसतो.

"मग सगळंच पुसलं जातं?" थोरला म्हणाला.

"दोन गोष्टी कोयत्याखाली येत नाहीत."

एक म्हणजे वाय गुणसूत्र. ते बापाकडून लेकाला जातं, लेकाकडून त्याच्या लेकाला. आपल्या आडनावासारखं. तुम्ही अगदी लहान होतात तेव्हा हेळवी आला होता. बैल घेऊन येतो, चोपडी उघडतो, खापरपणजोबापासून नावं सुरात म्हणतो, नवी जन्मलेली नावं भरून घेतो आणि धान्य, चार पैसे घेऊन पुढच्या गावाला जातो. पंढरपूरला क्षेत्रोपाध्यांकडं, नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यांकडं अशाच वह्या असतात. राजांचंही तेच. तंजावरच्या भोसल्यांनी १८०३ साली आपली अख्खी वंशकथा मराठीत बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतली. वही कागदाची असो की दगडाची, धागा एकच: बाप, त्याचा बाप, त्याचा बाप.

दुसरी गोष्ट तुमच्या पुस्तकात आहे. तंतुकणिका. पेशीची भट्टी. कारखान्यात बगॅस जाळून वाफ करतात, तशी ही अन्न जाळून शक्ती देते. तिच्याजवळ स्वतःची वेगळी, चिमुकली, गोल पोथी असते. अक्षरं अवघी १६,५६९. आईच्या बीजांडात अशा भट्ट्या लाखांनी असतात. बापाच्या शुक्राणूतही काही असतात, पण त्या त्याला पोहत येण्यापुरत्या. आत शिरल्यावर बीजांड त्या मोडून टाकतं. म्हणून ही पोथी फक्त आईकडून येते. लेकाला मिळते, पण त्याला ती पुढं देता येत नाही. मुलगीच देते. तीही न कापता, न जोडता, जशीच्या तशी. हजारो वर्षांत एखादं अक्षर बदलतं, तेवढंच.

"म्हणजे आईची वही," धाकटी म्हणाली.

"हां. आणि या वहीनं एक राजा शोधून दिला. तोही लेस्टरलाच."

एडवर्डचा खापरपणतू तिसरा रिचर्ड. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत पडला. जिंकणाऱ्यांनी त्याला लेस्टरच्या एका मठात घाईनं पुरला. पुढं मठ पाडला, जागा विसरली गेली. २०१२ साली लेस्टर विद्यापीठातल्या लोकांनी मठाची जागा नकाशांवरून ताडली आणि एका मोटारतळाचं डांबर फोडलं. पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. पुढं सांगाडा निघाला. पाठीचा कणा वाकडा, कवटीवर घाव. पण हाच राजा कशावरून?

रिचर्डला वंश उरला नव्हता. पण त्याला अ‍ॅन नावाची बहीण होती. भावाची आणि बहिणीची आईची वही एकच. अ‍ॅनच्या लेकी, लेकींच्या लेकी असा धागा धरत अभ्यासक कुठं पोहोचले? कॅनडात जन्मून लंडनमध्ये फर्निचर घडवणाऱ्या एका सुताराजवळ. त्याच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेतला. सुताराची वही आणि सांगाड्याची वही जुळली. पाच शतकांत राजवाडा गेला, मठ गेला, कबर गेली; बायकांनी बायकांना दिलेली पोथी तेवढी शाबूत राहिली. पुढं २०१५ च्या मार्चमध्ये राजाला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं, तेव्हा त्याची ओकची शवपेटी त्याच सुतारानं घडवली.

आणि बापाची वही? तीही तपासली. एडवर्डच्या दुसऱ्या एका लेकापासून कागदोपत्री सरळ पुरुषवंशात आलेले पाच जण सापडले. त्यांचं वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळायला हवं होतं. एकाचंही जुळलं नाही. त्या पाचांतही एकाचं इतर चौघांशी जुळेना. म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठंतरी वहीत एका बापाचं नाव होतं आणि मूल दुसऱ्याचं. २०१४ च्या डिसेंबरात हे छापून आलं, तेव्हा तिकडच्या वंशावळवाल्यांची झोप उडाली.

आजीनं सूप थांबवलं. "आई कोण हे सुईणीला ठाऊक असतं," ती म्हणाली, "बाप कोण हे सांगावं लागतं." आणि परत शाळू निवडायला लागली.

"आबा, इंग्लंडचा राजा आपल्याकडचा नाही का निघाला कधी?" थोरल्याची आशा अजून सुटली नव्हती.

"निघाला की. पण तू शोधतोस त्याच्या उलट बाजूनं."

दोनशे वर्षांपूर्वी सुरतेला थिओडोर फोर्ब्ज नावाचा स्कॉटिश तरुण व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीत होता. त्याच्या घरी एलायझा केवार्क नावाची बाई होती. कागदांत तिला घर सांभाळणारी म्हटलंय, पण ती त्याच्या मुलांची आई होती. १८१२ मध्ये तिला कॅथरिन झाली. पुढं फोर्ब्ज मुंबईला फोर्ब्ज कंपनीत गेला. एलायझा सुरतेलाच राहिली. तिनं त्याला पाठवलेली पत्रं आजही आहेत. लहानग्या कॅथरिनला शिक्षणासाठी जहाजानं स्कॉटलंडला धाडलं. फोर्ब्ज १८२० मध्ये मायदेशी निघाला आणि वाटेत समुद्रावरच वारला. मायलेकी दोन खंडांत राहिल्या.

स्कॉटलंडच्या घरात कॅथरिनच्या आईची ओळख "आर्मेनियन" एवढीच उरली. केवार्क हे आर्मेनियन वळणाचं नाव, आपल्याकडं सुरतेला आर्मेनियन व्यापारी होतेच. हिंदुस्थानी म्हणण्यापेक्षा आर्मेनियन म्हणणं तिथं सोयीचं पडलं. कॅथरिनला लेक झाली, त्या लेकीला लेक, आणि असं करत एलायझापासून सातवी बाई कोण? डायना. विल्यम राजपुत्राची आई.

२०१३ च्या जूनमध्ये बातमी आली. डायनाच्या आईकडच्या दोन लांबच्या नातेवाइकांची लाळ तपासली. त्यांच्या तंतुकणिकांच्या पोथीवर अशी खूण निघाली, जी दक्षिण आशियाच्या बाहेर जवळजवळ सापडत नाही. एलायझाचा बाप आर्मेनियन असेल, पण तिच्या आईची, आईच्या आईची वाट इथल्याच मातीतली होती. इंग्लंडच्या भावी राजाच्या प्रत्येक पेशीत सुरतेच्या त्या बाईची भट्टी पेटलेली आहे.

थोरला उठून उभा राहिला. धाकटी मात्र बोटं मोजत होती.

"पण आबा, विल्यम तर मुलगा आहे."

मला तिचं कौतुक वाटलं. खरंच, धागा विल्यमपाशी थांबला. त्याच्या मुलांच्या अंगात त्यांच्या आईची पोथी आहे, एलायझाची नाही. डायनाच्या बहिणींना मुली आहेत, तिकडं ती चालू आहे. गंमत बघा, बातमीच्या पुढच्याच महिन्यात विल्यमला मुलगा झाला आणि त्याचं नाव ठेवलं जॉर्ज. आर्मेनियनमध्ये जॉर्जला म्हणतात केव्होर्क. पोथी तुटली, आणि एलायझाचं नाव दुसऱ्या दारानं पाळण्यात आलं.

असं आपल्या मराठी मुलखातही घडलंय. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आपले पूर्वज आले, असं कोकणातले बेने इस्रायली सांगत आले. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली. २०१६ साली त्यांच्या गुणसूत्रांचा अभ्यास झाला. पश्चिम आशियाशी नातं खरं ठरलं. पण ते जास्त बापाच्या बाजूनं होतं, आईची बाजू जास्त इथली. समुद्रातून आलेल्यांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ज्यांच्या दारात ते आले, त्या बायकांची कुणी सांगितली नाही.

अंधार पडायला लागला होता. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर खडखडत चालले होते, मागच्या ट्रॉल्या वाढ्यांसकट झुलत होत्या.

"त्या उसाची वंशावळ सांगू?" मी म्हटलं. "त्यातही राजघराणं आहे."

जाड, रसाळ, गोड ऊस मूळचा न्यू गिनी बेटांकडचा. जावा बेटावरच्या डच लोकांनी त्याला उमराव ऊस म्हणायला सुरुवात केली, आणि शास्त्रातही तेच नाव रुळलं. पण उमराव नाजूक. १८८० च्या सुमारास जावात रोग आला आणि मळेच्या मळे वाळले. दुसरीकडं नदीकाठचं कास. भीमेच्या पात्रात पावसाळ्यानंतर पांढरे तुरे डुलतात तेच. गोडी नाही, जाडी नाही, पण पुरात कुजत नाही, उन्हात मरत नाही, रोगाला जुमानत नाही. उसाचाच रानटी भाऊबंद. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथं बार्बर आणि वेंकटरामन यांनी उमराव उसावर कासाचा पराग टाकला. १९१८ पर्यंत को २०५ शेतकऱ्यांच्या रानात आला.

आता चमत्कार ऐका. उमराव आईची गुणसूत्रं ८०, कासाची ६४. रीतीनं दोघांनी निम्मी निम्मी द्यायची, म्हणजे ४० आणि ३२, बेरीज ७२. पण को २०५ मध्ये निघाली ११२. कासानं आपली ३२ दिली. आईनं निम्मी न देता ८० च्या ८० देऊन टाकली. उमराव ऊस आई झाला की असं करतो. कोयता न चालवता सगळं पदरात घालतो. आणि जगवणारा चिवटपणा मात्र गवताचा. राजाच्या घरात गवत शिरलं, म्हणून राजाचं घर उभं राहिलं.

आज आपल्या भागात वर्षानुवर्षं पिकतो तो शहाऐंशी-बत्तीस, म्हणजे को ८६०३२. त्याची आई को ६२१९८, बाप कोसी ६७१. उसाच्या वहीत आईचं नाव आधी लिहितात, फुलीच्या अलीकडं. महाराष्ट्रात त्या वाणाचं नाव ठेवलं नीरा.

"आपली नदी!" धाकटी म्हणाली.

आपलीच. भोरच्या डोंगरात उगवते, कऱ्हेला पोटात घेते, अकलूजवरून येते आणि नरसिंहपूरला भीमेला मिळते. तुम्ही संगमावर गेला आहात. दोन पात्रं येतात, एक निघतं. त्याच्या पुढं कुणी नीरा म्हणत नाही. भीमाच म्हणतात, पंढरपूरला चंद्रभागा म्हणतात. उगम कुठला विचारलं तर पोरंसुद्धा भीमाशंकर सांगतात. खोटं नाही ते. पण चंद्रभागेत ओंजळ भरली की त्यात भोरचा पाऊस असतोच. पाणी दोघींचं, नाव एकीचं.

थोरल्यानं मोबाइल खिशात घातला. "मग मी आपली वंशावळ लिहितो. आबा, सांगा."

मी सांगितली. सात पिढ्या. बाप, आजा, पणजा, एकेक नाव धडाधड. हेळव्यानं पाठ करून दिलेली, पंढरपूरच्या वहीत पडताळलेली. सांगताना छाती जरा फुगलीच.

तो लिहून घेत होता. धाकटीनं दुसरी वही उघडली होती.

"आता तुमच्या आईची वही सांगा, आबा. आई?"

आईचं नाव सांगितलं.

"तिची आई?"

मी थांबलो. माझ्या आजोळची आजी मला चांगली आठवते. तिच्या हातची शेंगाचटणी, पाठीवरून फिरणारा खरखरीत हात. तिला सगळे "मोहोळची" म्हणायचे. मोहोळहून आलेली, म्हणून मोहोळची. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं असेल; माझ्यापुढं ते नावही कुणी कधी उच्चारलं नाही. जुनं तर ताटातले तांदूळ सारखे केले तेव्हाच गेलं. आणि तिच्या आईचं? गावसुद्धा माहीत नाही.

सात पिढ्यांचे बाप सांगणारा मी, दुसऱ्याच आईपाशी अडलो. त्या मोहोळच्या बाईची पोथी आजही माझ्या पेशीपेशीत आहे. आणि माझ्याजवळच थांबली आहे. तिचा विल्यम मी. बहीण टेंभुर्णीला दिलेली, तिच्या लेकींकडं असेल तेवढीच.

"काय लिहू, आबा?"

"मोहोळची लिही," मी म्हटलं. "आणि पुढं जागा सोड."

तिनं लिहिलं. खाली दोन ओळी रिकाम्या सोडल्या. मग पेन्सिल कानावर अडकवून उठली.

"कुठं निघालीस?"

"माझी वही तुमच्याकडं नाही ना, आबा. आजीकडंही नाही." आणि ती स्वयंपाकघरात गेली. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. पोरगी आईला विचारत होती, तुझ्या आईच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं गं?

बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग सुनेनं माहेरी फोन लावला.